माद्रिदजवळ एकच रात्र काढायची झाल्यास: तोलेदोच्या मुक्कामाविषयी अभिप्राय

मे महिन्याच्या सुट्टीत स्पेनला जाणाऱ्या कुटुंबाला माद्रिदच्या आसपासच्या ऐतिहासिक शहरांपैकी एकाच ठिकाणी मुक्काम करणे शक्य असेल, तर तो तोलेदोला करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सेगोव्हिया दिवसाउजेडी पाहून परत यावे, आव्हिला वाटेवर असेल तरच उतरावे, सालामांकाला हाताशी जादा दिवस असेल तर जावे, आणि सहल पुढे सेव्हिया-ग्रानादाकडे वळणार असेल तर आणखी एक मुक्काम कोर्दोबाला ठेवावा. ठाण्यातून हल्ली बरीच कुटुंबे स्वतःचा बेत स्वतः आखून युरोपला जातात. व्हिसाच्या अर्जासोबत प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा कागद जोडावा लागतो, त्यामुळे हा निर्णय तिथे पोहोचल्यावर घेऊ असे म्हणून भागत नाही. म्हणून हा अभिप्राय जरा तपशिलाने लिहीत आहे.

बेत ठरवताना आम्ही नौपाड्यातील एका सहल कार्यालयात चौकशी केली होती. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत तोलेदोला अर्धा दिवस दिलेला होता: सकाळी माद्रिदहून बस, दीड-दोन तासांची पायी फेरी, तलवारी आणि नक्षीकामाच्या एका दुकानात सक्तीचा थांबा, आणि जेवायला पुन्हा माद्रिद. मुक्कामाचा विषय काढल्यावर तेथील बाई म्हणाल्या, "अहो ताई, एवढंसं गाव ते, रात्री तिथे करणार काय?" प्रश्न रास्त होता, परंतु त्याचे उत्तर नीट शोधल्याशिवाय तोलेदोला अर्ध्या दिवसात उरकणे हा त्या शहरावर अन्याय आहे, असे मला आजही वाटते.

या उत्तराचा पहिला भाग घड्याळात आहे. माद्रिद आणि तोलेदो ही शहरे ग्रिनिचच्या पश्चिमेला आहेत, पण 1940 पासून स्पेनचे घड्याळ मध्य युरोपच्या वेळेवर चालते आणि उन्हाळ्यात ते आणखी एक तास पुढे असते. परिणामी मे महिन्याच्या मध्यावर तोलेदोत सूर्यास्त व्हायला रात्रीचे सव्वानऊ वाजून जातात, जूनमध्ये तर पावणेदहा होतात. माद्रिदकडे परतणारी शेवटची वेगवान गाडी साधारण साडेनऊच्या सुमारास सुटते. याचा सरळ अर्थ असा, की गाडीने सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या प्रवाशाला मे-जूनमध्ये दिवे लागलेले तोलेदो दिसणे जवळजवळ अशक्य आहे. तो परत निघतो तेव्हा शहरावर लख्ख ऊन असते किंवा फार तर सांज उतरू लागलेली असते.

उत्तराचा दुसरा भाग शहराच्या ठेवणीत आहे. ताहो नदी तोलेदोला तीन बाजूंनी वेढा घालते आणि शहर त्या वेढ्यातील खडकाळ टेकडीवर वसलेले आहे. नदीपलीकडच्या मिरादोर देल व्हाय्ये या ठिकाणाहून अख्खे शहर एका नजरेत मावते. आम्ही टॅक्सी करून सूर्यास्ताच्या थोडे आधी तिथे गेलो. प्रथम घरांच्या भिंतींचा पिवळसर रंग तांबूस झाला, मग उजवीकडच्या अल्काझार या किल्ल्याच्या चार मनोऱ्यांवर दिवे लागले, त्यानंतर कॅथेड्रलच्या उंच मनोऱ्यावर, आणि सगळ्यात शेवटी खालच्या गल्ल्यांमध्ये. अंधार पडेपर्यंत नदीचे पात्र काळेशार होऊन शहर त्याच्यावर उचलून धरल्यासारखे दिसू लागले. तेथून पाय निघत नव्हता. दिवसा याच कठड्यापाशी बसगाड्यांतून उतरणाऱ्या मंडळींची छायाचित्रांसाठी रीघ लागलेली असते, रात्री मात्र मोजकी माणसे होती आणि कोणालाही घाई नव्हती.

मुक्कामाचा खरा लाभ मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पदरात पडतो. एल ग्रेको या चित्रकाराचे 'काउंट ओर्गासचे दफन' हे 1586 ते 1588 या काळात रंगवलेले भव्य चित्र सांतो तोमे या चर्चमध्ये, ज्या जागेसाठी ते काढले त्याच जागी आहे. चर्च दहाला उघडते, आणि माद्रिदहून निघालेले मोठे गट तेथवर पोहोचायला थोडा अवधी लागतो. दारापाशी दहाला उभे राहिल्यामुळे आम्हाला ते चित्र शांतपणे पाहता आले. खाली दफनविधीला जमलेले काळ्या पोशाखातील सरदार, त्यांच्या गळ्याभोवतीच्या पांढऱ्या झालरी, संत स्टीफनच्या सोनेरी वस्त्रावर स्वतंत्रपणे रंगवलेला त्याच्याच छळाचा प्रसंग आणि वर उघडलेला स्वर्ग. हे सारे पाहायला पंधरा मिनिटेही अपुरी पडतात. बाहेर पडलो तेव्हा रांग गल्लीच्या वळणापर्यंत गेली होती.

तोलेदोत पाहण्याजोगे इतके आहे की अर्ध्या दिवसात निवड करतानाच जीव मेटाकुटीला येतो. 1085 मध्ये सहाव्या आल्फोन्सो या ख्रिस्ती राजाने हे शहर मुस्लिम राज्यकर्त्यांकडून घेतले, आणि त्यानंतरही दीर्घकाळ तेथे ख्रिस्ती, मुस्लिम व ज्यू वस्त्या शेजारी शेजारी नांदल्या. 999 मध्ये बांधलेली छोटी मशीद आज क्रिस्तो दे ला लुझ या नावाने उभी आहे. पांढऱ्याशुभ्र नालाकृती कमानींचे सांता मारिया ला ब्लांका हे मुळातले ज्यू प्रार्थनास्थळ आहे. एल त्रान्सितो या दुसऱ्या ज्यू प्रार्थनास्थळाच्या भिंतींवरील गिलाव्याच्या नक्षीत हिब्रू आणि अरबी अक्षरे एकाच ठिकाणी वाचायला मिळतात. 1226 मध्ये सुरू होऊन 1493 मध्ये पुरे झालेले कॅथेड्रल तर एकट्यानेच दोन-तीन तास घेते. मुक्काम करणाऱ्याच्या सोयीची एक गोष्ट येथे आवर्जून सांगते. शहरातील सात स्मारकांसाठी मिळून मनगटाला बांधायचा एक पट्टा मिळतो. तो हातावरून काढला नाही, तर दुसऱ्या दिवशीही चालतो. सांतो तोमे, सांता मारिया ला ब्लांका आणि क्रिस्तो दे ला लुझ ही तिन्ही त्यात येतात. कॅथेड्रल आणि एल त्रान्सितो यांची तिकिटे वेगळी काढावी लागतात, आणि एल त्रान्सितो सोमवारी बंद असते, हे ध्यानात ठेवून दिवस ठरवावा.

आता उणिवा. तोलेदो हे चढ-उताराचे आणि दगडी फरसबंदीचे शहर आहे. स्टेशन नदीच्या अलीकडे, खाली आहे. 1919 मध्ये उघडलेली ती इमारत स्वतःच पाहण्यासारखी आहे, पण सामान घेऊन तेथून वर झोकोदोव्हेर चौकापर्यंत चालत जाण्याचा अट्टहास करू नये. टॅक्सी किंवा शहर बस घ्यावी. जुन्या शहरात चढण्यासाठी सरकते जिनेही बसवलेले आहेत आणि त्यांचा मोठा आधार होतो. मात्र जिने संपल्यावरही गल्ल्या चढतच राहतात. माझ्या सासूबाईंना गुडघ्याचा त्रास असल्यामुळे आम्ही लिफ्ट असलेले हॉटेल पाहून घेतले होते. प्रत्यक्षात लिफ्टपर्यंत जायलाच सात-आठ उंच दगडी पायऱ्या चढाव्या लागल्या, आणि ही गोष्ट त्या हॉटेलच्या माहितीत कोठेही नमूद नव्हती. खोली स्वच्छ होती, आतल्या चौकातील झाडांमुळे गारवा होता, कर्मचारी अदबीने वागले, तरीही ही त्रुटी मी गंभीर मानते. जुन्या वाड्यांमध्ये थाटलेल्या अशा हॉटेलांना आरक्षणापूर्वी थेट पत्र लिहून विचारावे, की रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत.

जेवणाची काळजी शाकाहारी घरांना अधिक असते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. ढोबळी मिरची, टोमॅटो, कांदा आणि झुकिनी मंद आचेवर शिजवून केलेली पिस्तो ही ला मांचा भागातील भाजी आपल्या तोंडाला रुचते. तिच्यावर बहुधा तळलेले अंडे ठेवतात, ते नको असल्यास आधी सांगावे. एनसालादा मिक्स्ता नावाची कोशिंबीर मात्र शाकाहारी समजून मागवू नये, कारण तिच्यात बहुतेक ठिकाणी टूना मासा घातलेला असतो. क्रोकेता नावाच्या तळलेल्या वड्यांमध्येही हॅम (डुकराचे मांस) असण्याचीच शक्यता जास्त. रात्रीचे जेवण साडेआठ-नऊच्या आत मिळणे कठीण, त्यामुळे ज्यांना वेळेवर औषधे घ्यायची असतात त्यांच्यासाठी खाकरा, दशम्या किंवा दडपे पोह्यांचे सामान जवळ असावे. गोडात येथील मासापान ही बदाम-साखरेची मिठाई खावीच. तोलेदोच्या मासापानाला भौगोलिक मानांकन आहे आणि त्यात बदामाचे प्रमाण निम्म्याहून कमी असता कामा नये असा नियम आहे. दाताखाली तो किंचित रवाळ लागतो, साखर पुढे येत नाही आणि बदामाचा वास मागे रेंगाळतो. वरची तकाकी येण्यासाठी काही प्रकारांना अंड्याचा हात दिलेला असतो, तेव्हा पथ्य असणाऱ्यांनी विचारून घ्यावे. काही मठांमध्ये जोगिणी स्वतः तो करून विकतात.

तारखांविषयी एक सूचना. कॉर्पस क्रिस्ती हा तोलेदोचा सर्वांत मोठा उत्सव 21 मे ते 24 जून यांच्या दरम्यान, ईस्टरच्या तिथीनुसार येतो. मिरवणुकीच्या मार्गावर गल्लीभर कापडी छत ताणतात, भिंतींवर जुने गालिचे सोडतात आणि शहर सुंदर दिसते, पण खोल्या फार आधी भरतात आणि भाडे चढते. उत्सव पाहायचा असेल तर लवकर आरक्षण करावे. नसेल तर तो आठवडा टाळावा.

सेगोव्हियाविषयी माझ्या मनात आदर आहे, तरीही मुक्काम तेथे करावा असे मी म्हणणार नाही. रोमनांनी बांधलेला, 167 कमानींचा आणि सर्वांत उंच ठिकाणी सुमारे 28 मीटर उंचीचा तेथील जलसेतू चुना किंवा सिमेंट न वापरता, नुसते ग्रॅनाइटचे दगड एकमेकांवर तोलून उभारलेला आहे. त्याचे खरे मर्म दगडांच्या सांध्यांत आहे, आणि ते सांधे भर उजेडातच दिसतात. माद्रिदच्या चामार्तिन स्थानकावरून वेगवान गाडी अर्ध्या तासात पोहोचवते, मात्र सेगोव्हियाचे ते स्टेशन गावाबाहेर असल्याने पुढे 11 क्रमांकाची बस धरावी लागते. शहर सुमारे 1000 मीटर उंचीवर असल्यामुळे मे महिन्यातही संध्याकाळी स्वेटर लागतो. शिवाय दुधपित्या डुकराचे मांस हा तेथील पाककलेचा मुख्य अभिमान असल्यामुळे शाकाहारी माणसाची रात्रीच्या जेवणाला पंचाईत होते. सकाळी जाऊन जलसेतू, कॅथेड्रल आणि अल्काझार पाहून संध्याकाळी परत यावे, हेच उत्तम.

आव्हिलाची अडीच किलोमीटर लांबीची मध्ययुगीन तटबंदी अप्रतिम आहे आणि तिच्यावरून चालता येते. ती पाहिल्यावर मात्र बाकीचे शहर लवकर संपते.

सालामांकाची गोष्ट निराळी. 1218 मध्ये स्थापन झालेले तेथील विद्यापीठ आजही भरभरून चालू आहे, आणि 1729 ते 1755 या काळात बांधलेला प्लाझा मायोर हा चौक रात्री दिव्यांनी उजळल्यावर सोनेरी दगडावर जी झळाळी येते तिला तोड नाही. आपल्या तलावपाळीवर जशी म्हाताऱ्यांपासून तान्ह्या मुलांपर्यंत सगळी मंडळी संध्याकाळी नुसती फिरायला येतात, तशी तेथे रात्री अकरालाही येतात. वेगवान गाडीलाही माद्रिदहून दीड तासाहून अधिक वेळ लागतो, म्हणून आठ दिवसांच्या सहलीत हे शहर बसवण्याची ओढाताण करू नये. ज्यांच्याकडे दोन आठवडे आहेत त्यांनी मात्र ते चुकवू नये.

ज्यांच्यासोबत वयस्क मंडळी आहेत आणि ज्यांना तोलेदोचे चढ झेपणार नाहीत, त्यांना मी निःशंकपणे कोर्दोबा सुचवीन. माद्रिदहून वेगवान गाडीने पावणेदोन तास आणि पुढे सेव्हियाला पाऊण तास, असे ते वाटेवरच पडते. जुने शहर बहुतांशी सपाट आहे. 785 च्या सुमारास बांधायला घेतलेल्या तेथील विशाल मशिदीत आठशेहून अधिक खांबांवर लाल-पांढऱ्या कमानींच्या दुहेरी रांगा तोललेल्या आहेत, आणि सोळाव्या शतकात तिच्या मधोमध उभारलेले कॅथेड्रल त्या खांबांच्या गर्दीतून अचानक समोर येते. सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ या वेळात तेथे तिकीट नसते आणि गटांनाही प्रवेश नसतो. ही सकाळ गावात मुक्कामाला असणाऱ्यालाच सहज साधते. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात अंगणांचा उत्सव असतो, तेव्हा लोक आपापल्या घरांचे फुलांनी भरलेले चौक सर्वांसाठी उघडतात. अर्थात त्या दिवसांत खोल्याही महाग असतात. मधासारखा उसाचा पाक घातलेली तळलेली वांगी तेथे सर्रास मिळतात आणि सासूबाईंनी ती दोनदा मागून घेतली. सालमोरेखो हे टोमॅटोचे थंड, दाट सूप हॅम व अंडे वगळून मागावे.

सामानाबाबत आम्ही केलेली व्यवस्था सोयीची ठरली. मोठ्या बॅगा माद्रिदच्या ज्या हॉटेलात आम्ही परतणार होतो तेथेच ठेवल्या आणि तोलेदोला पाठीवरच्या एकेका पिशवीनिशी गेलो. गाडीची तिकिटे, विशेषतः शनिवार-रविवारची, आधी काढावीत, कारण अवघ्या अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास असला तरी जागा ठरावीक असतात आणि त्या संपतात.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी मात्र माझी शिफारस बदलते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तेथील घड्याळे एक तास मागे जातात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला तोलेदोत सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. तेव्हा दिवे लागलेले शहर मिरादोरवरून डोळे भरून पाहून, चौकात गरम चॉकलेट पिऊन, आरामात माद्रिदला परतता येते. अशा वेळी तोलेदोची रात्र वाचवून ती कोर्दोबाला द्यावी, कारण नोव्हेंबरात तेथील उन्हाचा कडाका ओसरलेला असतो.