फिश अँड चिप्स: यॉर्कशायरची की लंडनची?

फिश अँड चिप्स म्हणजे पिठात बुडवून तळलेला मासा आणि सोबत बटाट्याचे तळलेले जाड काप. यॉर्कशायर आणि लंडनच्या पद्धतींतला खरा फरक कढईत आहे. उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या अनेक जुन्या दुकानांत मासा गोमांसाच्या चरबीत तळतात. लंडनकडे बहुधा वनस्पती तेलात. चरबीतलं आवरण जास्त कुरकुरीत होतं, हे मान्यच करायला हवं. पण गोमांस वर्ज्य असेल तर उत्तरेत नुसत्या चिप्स घेतानाही आधी विचारा, कारण त्याही त्याच चरबीतून निघतात. हा प्रश्न विचारण्यात संकोच नको, दुकानदारांना त्याची सवय असते.

मासाही बदलतो. यॉर्कशायरला हॅडॉक, तोही कातडी काढून. लंडनला कॉड, बऱ्याचदा कातडीसकट. मला हॅडॉकची किंचित गोडसर चव जास्त आवडते. लंडनच्या फलकावरचा ‘रॉक सॅमन’ मात्र सॅमन नसतोच, तो आपल्या मुशीच्या जातकुळीतला छोटा शार्क.

यॉर्कशायरचा फिशकेक म्हणजे बटाट्याच्या दोन चकत्यांत मासा भरून, पिठात बुडवून तळलेला. लंडनला कुस्करलेला बटाटा आणि मासा एकत्र करून केलेली टिक्की मिळते. तळणातला कुरकुरीत चुरा, म्हणजे ‘स्क्रॅप्स’, उत्तरेत मागितला की बहुधा फुकट मिळतो. लंडनकर सोबत ‘वॉली’ घेतात, म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेली काकडी.