दोन चाकांची स्वयंसंतुलित स्कूटर: आपण उतरल्यावर ती थांबते का?

पणजीत ही गाडी उन्हाळा आणि आख्खा पावसाळा वापरून झाली. बाजूबाजूला दोन साडेदहा इंची चाकं, मधे पाय ठेवायची पाटी, हाताशी येणारा दांडा, वजन साधारण १३ किलो. वेग, बॅटरी आणि चार्जिंगबद्दल तक्रार नाही आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. ज्यावर कोणीच धड लिहीत नाही ते म्हणजे माणूस उतरल्यावर ही गाडी काय करते. विकत घेताना पहिल्यांदा हेच तपासायला हवं. म्हणून हा सगळा अनुभव त्याबद्दलच.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. या गाडीला वेगळा ब्रेक नाही. तोल सांभाळणं आणि पुढे जाणं ही तिच्यासाठी एकच क्रिया आहे. आतला जायरो आणि अ‍ॅक्सिलरोमीटर झुकाव मोजतात, आणि पाटी ज्या बाजूला कलते त्या बाजूला मोटर चाकं पळवते. तळहातावर उभी धरलेली काठी कलली की हात तिच्यामागे धावतो, तसंच. वर माणूस असला की कलणं त्याच्या मर्जीने होतं. माणूस उतरला आणि गाडी अजून तोल धरून असली, की मग जे काही तिला कलवेल ते तिला चालवेल.

हँडलला बाजाराची पिशवी अडकवली तरी पुरतं. सेन्सर फक्त पाटीचा कोन बघतो, वजन कुठे आहे ते त्याला दिसत नाही. पिशवीमुळे वजन पुढे गेलं की दांडा सतत पुढे पडू पाहतो, गाडी त्याला सावरायला पुढे जाते, आणि हे थांबतच नाही. उतारावर कारण वेगळं. तिथे जागेवर उभं राहायचं तर दांडा चढाच्या बाजूला थोडा कलता ठेवावा लागतो. वर माणूस असला की तो नकळत तसा झुकतो. रिकामी गाडी मात्र पाटी सपाट ठेवायच्या मागे असते, त्यामुळे खाली सरकत जाते. पणजीतल्या आल्तिनो टेकडीच्या उतारावर हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. ताशी १० किमी वेगाने सुटलेली १३ किलोची गाडी जवळपास ५० ज्यूल ऊर्जेने आदळते, म्हणजे पाच किलोचं वजन एक मीटर उंचीवरून पडावं इतक्या जोराने. आणि ती आदळते लहान मुलांच्या पायांच्या उंचीला.

हे टाळायला उत्पादकांचा मुख्य उपाय म्हणजे पायांखालची चटई. त्या रबरी चटईच्या खालच्या बाजूला बोटाच्या पेराएवढे उंचवटे असतात. पाय पडला की उंचवटा खाली दबतो आणि छोटा मायक्रोस्विच दाबतो, किंवा काही गाड्यांत प्रकाशाच्या फटीत शिरून किरण अडवतो. आमच्या गाडीत प्रत्येक पायाखाली दोन, असे चार स्विच आहेत. सगळे सुटले की ‘वर कोणी नाही’ असा संदेश जातो, मोटर वेग कमी करते आणि तोल सोडते. हे लगेच होत नाही. खड्ड्यावरून जाताना पाय क्षणभर हलके होतात, तेवढ्याने गाडीने माणसाला पाडू नये म्हणून अर्धा ते एक सेकंद वाट बघितली जाते. ताशी १० किमीला एका सेकंदात गाडी पावणेतीन मीटर पुढे गेलेली असते. चालत्या गाडीवरून उडी मारू नका म्हणतात, ते यासाठी.

गोव्यात बिघडते ती नेमकी ही चटई. मिरामारची बारीक वाळू आणि पावसातला जांभ्याचा तांबडा चिखल चटईच्या कडेने आत शिरतो. उंचवट्याभोवती एक कडा असते, तिच्यात चिखल सुकून घट्ट बसतो आणि उंचवटा वर यायचा थांबतो. प्रकाशाच्या फटीच्या गाड्यांत तर धूळच किरण अडवते. दोन्हीकडे परिणाम एकच: वर कोणी नसताना गाडीला वाटतं माणूस उभा आहे. खाऱ्या हवेने संपर्काचे टोक हिरवे पडले तर उलटं होतं, म्हणजे माणूस वर असून गाडीला कळत नाही. तो बिघाड निदान लगेच लक्षात येतो, कारण गाडी तोलच धरत नाही. पहिला बिघाड लपून राहतो. म्हणून घाबरायचं ते पहिल्याला.

सफाई अशी. गाडी बंद करा, चटई एका कोपऱ्यापासून हळूच उचला, ओढू नका. उंचवटे आणि खालची भोकं सुक्या टूथब्रशने साफ करा, फटीत रबरी फुग्याने हवा मारा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. गंज काढायचा तेलकट स्प्रे तिथे मारू नका, त्यावर धूळ चिकटते आणि पुढच्या आठवड्यात हाल आणखी वाईट होतात. रबराला साबणाचं पाणी पुरे, पण पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. बसवताना चारी कडा खाचेत गेल्या का ते बोट फिरवून बघा. अर्धवट बसलेली चटई एखादा स्विच कायमचा दाबून ठेवते. पावसाळ्यात हे दर आठवड्याला, एरवी महिन्यातून एकदा. चटईवर शोभेचं पायपुसणं किंवा जास्तीचं रबर अजिबात टाकू नका.

मल्टिमीटर असेल तर स्विच वेगळा करून बघता येतो. दाबल्यावर रोध एक ओहमच्या आत आणि स्थिर हवा, सोडल्यावर जोड पूर्ण तुटला पाहिजे. दाबून धरल्यावर आकडा हलत राहिला तर स्विच बदला, आणि बदलताना पाणी-धूळरोधक आयपी६७ दर्जाचाच घ्या. मीटर नसेल तर रोजची चाचणी सोपी आहे. सपाट जमिनीवर दांडा दोन्ही हातांनी धरा, एक पाय ठेवून गाडीला तोल धरू द्या, पाय काढा. एका सेकंदाच्या आसपास मोटरची गुणगुण बंद होऊन दांडा हातात जड पडला पाहिजे. पडला नाही तर त्या दिवशी गाडी बाहेर काढू नका.

पुष्कळ जण विचारतात, ट्रेडमिलवर कपड्याला अडकवतात तशी दोरी मनगटाला बांधली आणि ती सुटली की बॅटरी बंद करणारा रिले लावला तर? आमचं स्पष्ट मत, लावू नका. बॅटरी एकदम तुटली की वर असलेला माणूस तोंडावर पडतो. शिवाय वीज गेली की चाकं मोकळी फिरतात, म्हणजे उतारावर गाडीला रोखणारं काहीच उरत नाही. दोरी लावायचीच तर सव्वा मीटरचा साधा पट्टा दांड्याच्या वरच्या टोकाला बांधा, दुसरं टोक हातात धरा, मनगटाला गाठ मारू नका. गाडी निसटली तर पट्टा ओढल्यावर दांडा मागे कलतो आणि मोटर स्वतःच गाडीला थांबवून उलटी आणते. ती आपल्या नडगीवर येते, तेव्हा ओढून लगेच बाजूला व्हा.

उतरायची सवय यापेक्षा मोलाची. पूर्ण थांबा. मागच्या बाजूला एक पाय खाली टेका, मग दुसरा, पण दांडा सोडू नका. दिवा किंवा आवाज बदलेपर्यंत थांबा, बटण दाबून बंद करा, आणि मगच हात काढा. एक पाय उतरवून परत झटकन वर चढणं टाळा. अमेरिकेत २००६ साली अशाच गाड्या बनवणाऱ्या सेगवे कंपनीच्या सुमारे २३,५०० गाड्या परत मागवल्या होत्या त्या याच गोंधळामुळे: वेगमर्यादा गाठली की गाडी स्वतःच दांडा मागे झुकवते, त्या वेळी चालक उतरून लगेच परत चढला की चाकं अचानक उलटी फिरू शकत. सॉफ्टवेअर बदलून ते दुरुस्त केलं. दांडा नसलेल्या हॉवरबोर्डमध्ये दोन्ही अर्ध्यांचे सेन्सर वेगळे असतात, त्यामुळे एक पाय आधी काढला की ती जागच्या जागी गरगर फिरते. मुलांना तीच घेऊन देतात, हे विशेष काळजीचं.

बंद केलेली गाडीही उतारावर घरंगळते. अ‍ॅपमधलं कुलूप मोटरला विरोध करायला लावतं, पण तो विरोध चाक फिरायला लागल्यावरच येतो, त्यामुळे गाडी हळूहळू सरकतच राहते आणि बॅटरीही खाते. उतारावर उभी करायची तर आडवी करा, म्हणजे एक चाक चढाकडे, दुसरं उताराकडे. मग चाकं ज्या दिशेला फिरतात तिकडे उतारच नसतो. शिवाय स्टँड, आणि सहा-सात सेंटीमीटर उंचीची रबरी पाचर प्रत्येक चाकाला दोन्ही बाजूंनी. लाकडी पाचर ओल्या फरशीवर सरकते.

फेरीधक्क्यावर मात्र पाचरीवरही विसंबू नका. रायबंदर-चोडणसारख्या धक्क्याचा उतार थेट पाण्यात जातो आणि भरतीनंतर शेवाळाने निसरडा असतो. तिथे गाडी वरच बंद करा, दांडा दुमडा, उचलून न्या. फेरीबोटीतही आडवी झोपवून ठेवा, कारण बोट धक्क्याला लागताना चांगलाच हिसका बसतो.

घेणाऱ्यांसाठी: दुकानात चटई उचलून दाखवायला सांगा. चिकटवलेली असेल तर ती गाडी गोव्याच्या हवेला घेऊ नका. चटई आणि स्विच सुटे मिळतात का तेही विचारा. आम्ही एक जास्तीची चटई, दोन स्विच आणि चार पाचरी गाडीबरोबरच ठेवतो, आणि पहिल्या पावसाआधी चटई बदलतो, जुनी बरी दिसत असली तरी.