वर्ल्डपॉप : मालवणच्या समुद्रावरचा माणसांचा भार मोजायला कितपत कामाचा?

मालवण सागरी अभयारण्यावर काम करायचं तर आधी विचारलं जातं, आसपास माणसं किती? 2011 नंतर जनगणनेचे आकडे आलेले नाहीत, पुढची गणना 2027 ची. त्यामुळे कोल्हापुरातले भूगोलाचे आणि पर्यावरणाचे विद्यार्थी साउदम्प्टन विद्यापीठातल्या गटाच्या वर्ल्डपॉपकडे, म्हणजे चौकोनाचौकोनात लोकसंख्येचा अंदाज देणाऱ्या नकाशांकडे, वळतात. डेटा फुकट आहे, नाव दिलं की वापरायला मोकळीक आहे. सुरुवातीला उत्तम, एकट्याच्या जिवावर मात्र फसवा.

आत काय आहे ते आधी. 3 सेकंदांची (अंशाच्या भागातले सेकंद, वेळेचे नव्हे) जाळी, म्हणजे मालवणच्या अक्षांशावर साधारण 92 बाय 89 मीटरचा चौकोन. प्रत्येक चौकोनात माणसांची संख्या असते, घनता नव्हे. ही माणसं कोणी दारोदार मोजलेली नाहीत. जनगणनेचा एकूण आकडा रस्ते, रात्रीचे दिवे, जमिनीचा वापर बघून मॉडेलने वाटून टाकलेला आहे. 'या वाडीत 43 जण' असं अहवालात लिहू नका, लाज जाईल.

प्रकार दोन. 'अनकन्स्ट्रेन्ड' मध्ये जमिनीच्या प्रत्येक चौकोनाला थोडं तरी माणूस मिळतं, अगदी सड्यावर आणि जंगलातही. 'कन्स्ट्रेन्ड' मध्ये फक्त जिथे बांधकाम दिसतं तिथेच. दुसरा जास्त खरा वाटतो, पण माडांच्या सावलीतली कौलारू घरं उपग्रहाला नीट दिसत नाहीत आणि कोकणातली अख्खी वाडी सुटू शकते. अभयारण्याच्या हद्दीभोवतीच्या 5-10 किमीच्या पट्ट्याची (बफरची) बेरीज हवी असेल तर दोन्ही चालवून फरक बघावा. देवबागसारख्या चिंचोळ्या पट्टीत, एका बाजूला कर्लीची खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, कडेचे चौकोन पाण्यात मोजले जातात आणि माणसं हरवतात.

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये चुका ठरलेल्या आहेत. पट्टा काढताना थर अंशांत ठेवला तर '5' म्हणजे 5 अंश होतात. हद्द आधी यूटीएम 43 उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात न्या, पट्टा काढा, मग तो पट्टा परत रास्टरच्या (लोकसंख्येच्या चौकोनी जाळीच्या) प्रक्षेपणात आणा. उलट करू नका. रास्टरच रूपांतरित केलं तर चौकोनांचा आकार बदलतो आणि बेरीज बिघडते. जुन्या मालिकेत समुद्रासाठी -99999 हा आकडा असतो. तो 'नोडेटा' (इथे माहिती नाही) म्हणून ओळखला गेला नाही तर लोकसंख्या उणे येते. मग पट्ट्यातल्या चौकोनांचा हिशेब करणाऱ्या 'झोनल स्टॅटिस्टिक्स'मध्ये 'सम' म्हणजे बेरीज घ्या, सरासरी नको. घनता काढताना समुद्राचा भाग वजा करून फक्त जमिनीच्या क्षेत्रफळाने भागा. अभयारण्याच्या हद्दीच्या आत मोजण्यात अर्थ नाही: 29.122 चौ. किमीपैकी बहुतेक पाणीच आहे.

पडताळणीला पाच मिनिटं लागतात. 2011 च्या थरातून सिंधुदुर्ग जिल्ह्याची बेरीज काढून 8,49,651 शी ताडून बघा. 2001 मध्ये हा आकडा 8,68,825 होता, म्हणजे जिल्हा आटला. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाशी जुळवलेल्या थरात मात्र देशभर एकाच गुणकाने आकडे ताणले जातात. आटणाऱ्या जिल्ह्यासाठी तो थर टाळलेला बरा.

आता खरी अडचण. पट्टा सरळ रेषेत मोजतो. देवबागसमोरचं भोगवे होडीने हाकेवर, रस्त्याने मोठा वळसा. आणि कोल्हापूर? सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर, त्यामुळे 50 किमीच्या पट्ट्यातही येत नाही. पण गगनबावड्याचा घाट उतरून सुरमईसाठी आणि शनिवार-रविवारच्या स्कूबासाठी जाणारी गर्दी इथलीच. तांबड्या-पांढऱ्यावर पोट भरलं तरी मासळीची हौस सुटत नाही. यावर उपाय म्हणजे लोकसंख्येला प्रवासवेळेच्या वर्गाने भागणे. प्रवाळांवरच्या संशोधनात हा 'ग्रॅव्हिटी' निर्देशांक वापरतात. शहराची 2011 ची लोकसंख्या 5,49,236, रस्ता चारेक तासांचा धरला तर 4 चा वर्ग 16, भागाकार सुमारे 34,300. तासाभरावरच्या 34 हजारांच्या गावाइतका भार! पट्ट्याच्या नकाशात तो शून्य दिसतो.

ऋतूंचंही तसंच. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत किंवा गणपतीला चाकरमानी उतरतात तेव्हा किनाऱ्यावर कोण असतं, हे वर्षाच्या एका आकड्यात कळत नाही. मासेमार किती हवं असेल तर केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची मच्छीमार गणना बघा: त्यात गावनिहाय कुटुंबं आणि होड्या असतात.

पर्याय म्हणून युरोपीय आयोगाचा जीएचएस-पॉप 1975 पासून दर पाच वर्षांचा आहे, जुनी तुलना करायला चांगला. लँडस्कॅन दिवसरात्रीची सरासरी उपस्थिती देतो, पण सुमारे किलोमीटरच्या चौकोनात; देवबागची पट्टी त्यात विरघळून जाते.

वर्ल्डपॉपला पाचपैकी साडेतीन गुण. जेटीवरून सुटणाऱ्या पर्यटक होड्या मात्र स्वतःच मोजाव्या लागतील, आणि सुट्टीचा व साधा दिवस वेगवेगळा.