पीएचडीला काय घ्यावं: हबल टेन्शन की कृष्णविवरातली माहिती?

एमएस्सीनंतर विश्वशास्त्राकडे वळणाऱ्यांना हे दोन्ही प्रश्न खुणावतात. दोन्ही अव्वल दर्जाचे, पण रोजचं काम अगदी वेगळं.

हबल टेन्शनचा वाद एका आकड्यावरून आहे: विश्व आज किती वेगाने प्रसरण पावतंय? प्लँक उपग्रहाने आदिम प्रारण, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीच्या काळातला उरलेला प्रकाश मोजला, त्यावरून विश्वाच्या प्रचलित प्रतिमानानुसार मेगापार्सेकमागे (सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षांमागे) सेकंदाला ६७.४ किलोमीटर येतात. सेफीड ताऱ्यांच्या (ज्यांच्या तेजाच्या चढउतारावरून अंतर कळतं) आधाराने सुपरनोव्हांची, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्यांची अंतरं ठरवली, की ७३. खगोलशास्त्रज्ञ वेंडी फ्रीडमन यांच्या गटाला जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांतून ७० च्या आसपास आकडा मिळाला, त्यामुळे फरक खरा की मोजणीतली चूक, यावर अजून एकमत नाही. इथे महिनेच्या महिने शंका फेडण्यात जातात. धुळीमुळे तारा मंद दिसतोय का? शेजारच्या ताऱ्यांचा प्रकाश त्यात मिसळलाय का? सांख्यिकी आणि पायथनशिवाय पान हलत नाही.

हाच आकडा मोजण्याचा तिसरा मार्ग गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशकाळात उठणाऱ्या तरंगांचा. २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून ७० आकडा आला, पण त्रुटीची मर्यादा मोठी होती. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होणारी लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा अशा टकरींची आकाशातली जागा अधिक नेमकी सांगू शकेल. मला हा भाग सर्वांत आशादायक वाटतो.

कृष्णविवराचा प्रश्न हॉकिंग यांनी सत्तरच्या दशकात उभा केला. विवर प्रारण सोडत विरून गेलं, तर आत पडलेल्या गोष्टींची माहिती कुठे जाते? पुंजयांत्रिकीला (क्वांटम मेकॅनिक्सला) ती नष्ट झालेली चालत नाही. भौतिकशास्त्रज्ञ डॉन पेज यांनी १९९३ मध्ये, माहिती टिकत असेल तर प्रारणाची एन्ट्रॉपी (विवराशी असलेल्या पुंजगुंतागुंतीचं माप) आधी वाढून मग उतरायला हवी असं दाखवलं. २०१९ मध्ये या चढउताराचा तोच आलेख गुरुत्वाकर्षणाच्या गणितातून निघाला, मात्र सोप्या केलेल्या प्रतिमानांत. प्रयोगाची आशा धरू नका. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या विवराचं तापमान केल्व्हिनच्या एक कोट्यंशाहूनही कमी, आणि भोवतालचं आकाश २.७ केल्व्हिन, म्हणजे ते आज विरण्याऐवजी ऊर्जा शोषतंय. पुंजक्षेत्र सिद्धांत (क्वांटम फील्ड थिअरी) आणि सामान्य सापेक्षता हातात पक्की बसलेली हवी.

मन ठरत नसेल तर हबल घ्या, असं मी स्पष्ट सांगेन. तुमची कल्पना चुकीची ठरली तरी विदा (डेटा) तसं सांगते, आणि विश्लेषणाचं कसब पुढेही कामी येतं. कुणी न सांगता एखादी सिद्धता तीन वेगळ्या वाटांनी करून पाहत असाल, तर मात्र दुसरा, कृष्णविवराचा प्रश्न. प्रवेशाआधी पुण्याची आयुका किंवा मुंबईची टीआयएफआर अशा संशोधन संस्थेत एक उन्हाळी प्रकल्प करा, आणि तिथल्या संशोधक विद्यार्थ्यांना गेला आठवडा कशात गेला ते विचारा.