आवाजाची स्क्रिप्ट, आठ महिन्यांनंतर: आधी १०० टक्क्यांची मर्यादा घाला

गेल्या आठवड्यात लॅपटॉपचा डावा स्पीकर बदलून आणला. १,४०० रुपये गेले, तेही आवाज कमी-जास्त करणाऱ्या माझ्याच स्क्रिप्टपायी, म्हणून हे लिहायला बसलो.

घरी तीन मशीन आहेत. लॅपटॉपवर उबुंटू लिनक्स २४.०४, म्हणजे आवाज सांभाळायला पाइपवायर. डेस्कटॉपवर २०.०४, म्हणजे तेच काम करणारं जुनं पल्सऑडिओ. आईच्या रेडिओसाठी लावलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर नुसतं अल्सा, म्हणजे साउंडकार्डशी थेट बोलणारा लिनक्सचा खालचा थर. तिन्हीकडे आवाजाची बटणं सारखी चालावीत म्हणून चाळीसेक ओळींची शेल स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल, लिहिली.

पॅकटीएल, म्हणजे पल्सऑडिओची आवाज बदलायची कमांड, पाइपवायरवरही चालतं, त्यामुळे लॅपटॉप आणि डेस्कटॉपला तीच कमांड दिली. स्क्रिप्टमधला एक फाटा वाचला याचा तेव्हा फार आनंद झाला होता. चूक तिथेच झाली. पॅकटीएलला ‘अधिक ५ टक्के’ सांगितलं की ते १०० वर थांबत नाही. मुलीने बटण दाबून धरलं, आकडा १५० च्या पुढे गेला, आवाज फाटला आणि मग डावीकडून नुसती खरखर.

आता पाइपवायरवर त्याच्यासाठीची डब्ल्यूपीसीटीएल कमांडच वापरतो. त्याला ‘डॅश एल १.०’ दिलं की १०० च्या वर जातच नाही. फक्त अधिकचं चिन्ह टक्क्यानंतर लागतं (५%+), पॅकटीएलमध्ये आकड्याआधी (+५%). डेस्कटॉपवर मर्यादा हाताने घालावी लागली: आधी आकडा वाचायचा, ९५ किंवा जास्त असेल तर थेट १०० लावायचा. पण नुसता आवाज विचारायची सोय पॅकटीएलमध्ये १५.० पासून आली आणि २०.०४ वर आहे १३.९९. म्हणून सगळ्या सिंकची (आवाज बाहेर पडायच्या वाटांची) यादी काढून त्यातून ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडने आकडा उचलतो. ओबडधोबड आहे, पण एकदाही चुकलेलं नाही.

अल्साच्या एमिक्सर कमांडबद्दल मात्र मत बदललं. सुरुवातीला वैताग आला होता, कारण पायवर ‘मास्टर’ नावाचा कंट्रोलच नाही. ‘एमिक्सर एसकंट्रोल्स’ने नाव शोधावं लागलं. शिवाय ५० टक्क्यांवर जेमतेम ऐकू यायचं. ‘डॅश कॅपिटल एम’ लावल्यावर टक्के कानाला जाणवतात तसे चढतात-उतरतात. आणि साउंडकार्डच्या कमाल पातळीपुढे ते जात नाही. आई पाच महिने रोज सकाळी बातम्या लावते, एकदाही आवाज फाटला नाही.

पाइपवायरवर पॅकटीएल चालवत असाल तर आजच बटण दाबून धरून आकडा कुठवर जातो ते बघा. हेडफोन कानातून काढून.