मॉक ऑडिट सेवा: जाडजूड फाइल नको, क्लेम तपासून द्या

अमेरिकेत मेडिकेडचं (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचं) काम करणाऱ्या होम केअर एजन्सींना सरकारी ऑडिटसाठी तयार करून देणाऱ्या सेवा ढोबळमानाने दोन तऱ्हेच्या मिळतात. एकीत धोरणांची जाडजूड फाइल, छापील चेकलिस्ट आणि स्टाफसाठी ऑनलाइन प्रशिक्षण असतं. दुसरीत, म्हणजे मॉक ऑडिटमध्ये (ऑडिटची रंगीत तालीम), बाहेरचा तपासनीस पैसे जमा झालेले क्लेम, म्हणजे मेडिकेडला लावलेली बिलं, उचलतो आणि एकेकाचा माग मूळ नोंदीपर्यंत काढतो. बिलिंगच्या ऑडिटसाठी आम्ही फक्त दुसरीची शिफारस करतो. ऑडिटरचा प्रश्न साधा असतो: या तारखेचे १२ युनिट कुठून आले? त्याचं उत्तर धोरणाच्या फाइलमध्ये सापडत नाही.

एक भेट घेऊन बघू. कोड टी१०१९, म्हणजे पर्सनल केअर, दर १५ मिनिटांना एक युनिट. बिल १२ युनिटचं, म्हणजे तीन तासांचं. ईव्हीव्हीच्या (घरभेटीची वेळ-ठिकाण नोंदवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेच्या) मूळ लॉगमध्ये मात्र क्लॉक-इन ९:१० आणि क्लॉक-आउट ११:५०, म्हणजे १६० मिनिटं. दहा युनिट पूर्ण होऊन १० मिनिटं उरतात. ती धरायची की सोडायची हे त्या त्या राज्याच्या नियमावर ठरतं, पण जास्तीत जास्त ११ होतील. बारा होत नाहीत. अशा वेळी चांगला तपासनीस आधी शेड्यूल उघडतो. तिथे ९ ते १२ दिसलं, की बिलिंग सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वेळेऐवजी शेड्यूलची वेळ उचलतंय का, ते तपासतो. तसं असेल तर चूक सेटिंगची आहे आणि ती शेकडो भेटींत पसरलेली असणार. सरकारी ऑडिटर नमुन्यातल्या चुकांचं प्रमाण सगळ्या क्लेमना लावून वसुली काढू शकतो, म्हणून एक-दोन युनिटची चूक किरकोळ समजू नका.

२०१६च्या क्युअर्स कायद्याने ईव्हीव्हीत सहा गोष्टी मागितल्या: सेवेचा प्रकार, घेणारा, देणारा, तारीख, ठिकाण, सुरू-बंद वेळ. बहुतेक सेवा एवढ्या खुणा करून थांबतात. खरी गोम हाताने बदललेल्या नोंदींत असते. कोणी बदललं, कधी, कारण काय आणि पुरावा कुठे, हे एडिट लॉग काढून बघणारी सेवा निवडा. एकाच कोऑर्डिनेटरने शुक्रवारी संध्याकाळी चाळीस नोंदी 'फोन बंद होता' म्हणून दुरुस्त केल्या असतील, तर ऑडिटर तिथेच थांबणार.

नमुना कोण काढतं हेही विचारा. एजन्सीने स्वतः निवडून दिलेल्या वीस नीटनेटक्या फायलींवरचा रिपोर्ट कामाचा नाही. तपासनिसाने ८३५ रेमिटन्स फाइलमधून (कोणत्या क्लेमचे किती पैसे दिले याची इलेक्ट्रॉनिक फाइल) क्लेम स्वतः उचलावेत. त्यात सर्वाधिक तासांचे पेशंट, घरातलाच माणूस केअरगिव्हर असलेल्या केसेस आणि हॉस्पिटलात दाखल झालेले पेशंट हवेतच. पेशंट ६ तारखेला रात्री ॲडमिट आणि ७ला सकाळी घरी अंघोळ घातल्याचं बिल, हा प्रकार सरकारला नुसता डेटा जुळवूनही सापडतो. मग ऑथरायझेशनच्या (सेवेच्या पूर्वमंजुरीच्या) तारखा आणि युनिट, केअर प्लॅनवरची सही सेवेआधीची आहे का, केअरगिव्हरचं प्रशिक्षण, हेही तपासावं. ओआयजीची (आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाची) बहिष्कृतांची यादी, म्हणजे सरकारी आरोग्य योजनांत काम करायला बंदी असलेल्यांची यादी, दरमहा अपडेट होते, फुकट आहे. तीही दरमहा तपासून तारखेसह प्रिंट ठेवावी, आणि कर्मचाऱ्याचं लग्नाआधीचं नावही टाकून बघावं.

आता या सेवांची कच्ची बाजू. काही जण 'राहिलेल्या सह्या पूर्ण करून देऊ' म्हणतात. त्यांना दारातूनच परत पाठवा. मागची तारीख टाकलेली सही म्हणजे साध्या चुकीचा खोटेपणा करून ठेवणं. राहिलेली नोंद आजच्या तारखेने, उशिराची नोंद म्हणूनच लिहायची; तेवढ्याने क्लेम वाचेलच असं नाही.

दुसरी गोष्ट विकणारे सहसा सांगत नाहीत. जास्तीचे पैसे घेतल्याचं निश्चित झालं, की २०१०च्या कायद्यानुसार ते ६० दिवसांत कळवून परत करावे लागतात. जाणूनबुजून ठेवून घेतले तर फॉल्स क्लेम्स कायदा (सरकारकडून खोटेपणाने पैसे घेण्याविरुद्धचा) लागू होतो आणि नुकसानभरपाई तिपटीवर जाते. म्हणजे रिपोर्ट कपाटात ठेवायची सोय नाही. त्यामुळे सेवा हेल्थकेअरच्या वकिलामार्फत घ्यावी, म्हणजे सल्लामसलत गोपनीय ठेवायला आधार मिळतो, आणि परतफेडीची तजवीज आधीच करावी. पेशंटची माहिती बाहेर जाणार, तेव्हा हिपाखालचा (पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचा कायदा) बिझनेस असोसिएट करार, म्हणजे ती माहिती जपण्याचा बाहेरच्या संस्थेशी केलेला करार, पहिल्या फाइलआधी सही झालेला हवा.

सही करण्यापूर्वी नावं झाकलेला जुना रिपोर्ट मागवा. त्यात क्लेम नंबर, तारीख, बिल केलेले युनिट, पुराव्याने टिकणारे युनिट, फरकाचं कारण आणि परत करायची रक्कम असे रकाने असायला हवेत. त्याजागी हिरवे-पिवळे-लाल गोल असतील, तर दुसरी सेवा शोधा.