सोडणांचे चिप्स आणि त्याखाली तणनाशक, एक पावसाळा वापरून बघितलं

आमचं वेंगुर्ल्याला छोटं होमस्टे आहे, जांभ्याच्या गडग्याला लागून जास्वंद, इक्झोरा नी अबोलीचे वाफे आहेत आणि पावसात बेणायला, म्हणजे तण काढायला, माणूस मिळत नाही. म्हणून वाफ्यांवर पसरून तण दाबायला मे अखेरीस नारळाच्या सोडणांचे, म्हणजे वरच्या सालींचे, चिप्स मागवले, 50 लिटरच्या पिशव्या.

माल खरंच चांगला आहे. अंगठ्याएवढे तुकडे, भुसा जवळजवळ नाहीच, आणि हे फार महत्त्वाचं, कारण भुसा ओला राहतो नी वाऱ्याने आलेलं बी त्यातच रुजतं, जाड तुकडे उघडीप मिळाली की वरून पटकन सुकतात. पण पिशवीवर 20 चौरस फुटांना पुरते असं छापलंय ते अजिबात बरोबर नाही, तेवढ्यात पसरलं तर जेमतेम इंचभर थर होतो आणि तणाला 2 ते 3 इंच तरी लागतो, म्हणजे 10 फुटांना एक पिशवी धरूनच पैशांचा हिशोब करा.

दोन वाफ्यांत नुसते चिप्स टाकले, दोन वाफ्यांत आधी सगळं तण उपटून मातीवर पेंडीमेथॅलिन हे तणनाशक मारलं, हलकं पाणी दिलं नी मग चिप्स. चिप्सच्या वरून मारू नका, हे औषध सोडणालाच चिकटून बसतं, खाली मातीत पोचत नाही. श्रावणात नुसत्या चिप्समधून टाकळा नी केना वर आलेला, औषधाच्या वाफ्यात हाताने मोजून चार-पाच रोपं. खोडाभोवती मात्र चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर बुंधा कुजतो.

लव्हाळ्यावर दोन्हीचा काही उपयोग नाही हे स्पष्ट सांगते. खाली गाठ असते, तिचा कोंब सुईसारखा चिप्समधून वर येतो, नी पेंडीमेथॅलिन रुजणाऱ्या बियांसाठी आहे, गाठींसाठी नाही. दुकानात ग्लायफोसेट घ्या म्हणाले, पण 2022 मध्ये ते फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच मारायचं असा सरकारी आदेश निघाला होता आणि जास्वंदीच्या पानावर उडालं तर जास्वंदच जाईल. मी खुरप्याने गाठी उकरून काढल्या, दर आठवड्याला, तेव्हा कुठे कमी झाला.

पेंडीमेथॅलिन माशांना विषारी आहे म्हणून विहिरीकडच्या आणि व्हाळाकडच्या (ओढ्याकडच्या) वाफ्यांत मी ते वापरलं नाही, तुम्हीही वापरू नका.

चिप्स पुढच्या वर्षी परत घेणार. औषध मात्र अबोलीच्या वाफ्यात नाही, कारण पावसाचे थेंब पडले की तिच्या शेंगा टचकन फुटतात, बी उडतं नी आजूबाजूला पिल्लं उगवतात, ती यंदा एकही आली नाहीत आणि दर वर्षी शेजारणी तीच मागून नेतात.